‘पास आउट’ झालं तर बिघडलं कुठे?



यंदाच्या स्मरणिकेत भांडायचंच असं ठरवून बसलो आहे. भांडण कार्यकारिणीशी नाही, संपादकांशी नाही आणि गणपतीच्या जेवणात शेवटच्या पंगतीला श्रीखंड पुरलं नाही म्हणूनही नाही. भांडण आहे आपल्या एका हसण्याशी.

हे हसणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. भारतातून नुकताच आलेला एखादा मुलगा मंडळाच्या कार्यक्रमात चारचौघांत उभा राहतो आणि ओळख करून देताना इंग्रजीत म्हणतो, “आय पास्ड आउट फ्रॉम पुणे इन टू थाउजंड नाइंटीन.” लगेच आपल्यातलाच, इथे वीस वर्षं मुरलेला कोणीतरी डोळे मिचकावून विचारतो, “मग शुद्धीवर कधी आलास?” मंडळी खो-खो हसतात. तो मुलगाही हसतो. बिचारा दुसरं करणार काय? पुढच्या कार्यक्रमाला तो दिसत नाही आणि कार्यकारिणीच्या बैठकीत आपण एकमेकांना विचारतो, “हल्ली तरुण मंडळी का बरं येत नाहीत?”

माझं म्हणणं असं, की तो मुलगा चुकला नव्हता. चुकले ते हसणारे. आणि या हसण्याची किंमत इंग्रजीला नाही, आपल्या घरातल्या मराठीला मोजावी लागते आहे. आता हे एकेक करून मांडतो. नाही पटलं तर पुढच्या पॉटलकला गाठा मला, भरपूर वाद घालू.

पहिल्यांदा त्या शब्दाचाच न्याय करू. अमेरिकेत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं, मग ती चक्कर येऊन हरपो किंवा नको तेवढं पिऊन. हा अर्थ ब्रिटनमध्येही चालतो. पण तिथे या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो चांगला इभ्रतदार आहे: प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं. ब्रिटनमधल्या मोठमोठ्या शब्दकोशांत तो दिलेला आहे. तिथले सैनिक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान प्रशिक्षण संपलं की ‘पासिंग आउट परेड’ करतात. इंग्रजांनी आपल्याकडे डेहराडूनला १९३२ साली इंडियन मिलिटरी अॅकॅडमी काढली. ती परेड तिथे आजही होते आणि पुण्याच्या उशाशी खडकवासल्याच्या एनडीएतही होते. ३० मे २०२५ रोजी एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. १७ मुली होत्या. वर्तमानपत्रांनी अभिमानाने छापलं की त्या पासआउट झाल्या. सतराच्या सतरा जणी मैदानात चक्कर येऊन पडल्या, असं काही ते वाचून कोणाला वाटलं नाही.

तोच शब्द आपल्या इंजिनियरिंग कॉलेजात, नोकरीच्या जाहिरातीत आणि लग्नाच्या बायोडेटात बसला. तो मराठी माणसाच्या तोंडी इतका सहज का बसला, याचंही कारण आहे. ‘पास होणे’ हे आपल्याकडे मॅट्रिकच्या काळापासून मराठीच झालं आहे. शिक्षण संपलं की आपण कॉलेजातून ‘बाहेर पडतो’. पास होऊन बाहेर पडलो, म्हणजे पास आउट झालो! इतकं सरळ. ज्याला हे चुकीचं वाटतं त्याने ‘ग्रॅज्युएट’ या शब्दात कॉलेजचं दार कुठे दिसतं ते मला दाखवावं.

आणि अमेरिकन माणसाचं तरी काय? आपली मुलं ज्या शाळेत जातात तिथल्या बाई रोज सांगतात, “पास आउट द पेपर्स.” म्हणजे कागद वाटा. वर्गात कोणी कोसळत नाही. मुलांना बरोबर कळतं, कारण शब्द कुठे उभा आहे ते बघून ती अर्थ लावतात. पहिलीतल्या मुलांना जे जमतं ते पीएच.डी. झालेल्या काकांना जमू नये?

मुळात इंग्रजीतली ही जोडक्रियापदं, म्हणजे फ्रेझल व्हर्ब, फार लबाड असतात. हे मीच म्हणतो असं नाही. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं की क्रियापदाला एखादं ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ चिकटवून अर्थ पालटायची ही जी इंग्रजीची खोड आहे, तिच्याइतका त्रास परक्या माणसाला दुसऱ्या कशाचा होत नाही. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तर त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी प्रचारात आलं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय हेन्री ब्रॅडली या कोशकाराला दिलं. हा स्मिथ जन्माने अमेरिकन आणि राहायला इंग्लंडात. म्हणजे आपल्यासारखाच, पाय एका देशात आणि जीभ दुसऱ्या देशात!

शिवाय हे जोडशब्द समुद्र ओलांडला की अर्थ बदलतात. इंग्लंडमध्ये फॉर्म ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’. एक म्हणतो आत, दुसरा म्हणतो बाहेर, पण फॉर्म तोच आणि चौकटीही त्याच. लंडनला जेवण झाल्यावर कोणी ‘वॉश अप’ करू या म्हणालं तर समजावं की भांडी घासायची आहेत. अमेरिकन आईने जेवणाआधी तेच म्हटलं तर हात-तोंड धुवायचं. इंग्लंडच्या गिरणगावांत पूर्वी पहाटे लांब काठी घेऊन कामगारांच्या खिडक्यांवर टकटक करत फिरणारी माणसं असत. त्यांच्या धंद्याचं नावच ‘नॉकर-अप’ होतं, कारण कोणाला ‘नॉक अप’ करणं म्हणजे त्याला झोपेतून उठवणं. हाच शब्द अमेरिकेत बाईबद्दल वापरला तर जो अर्थ होतो, तो या कौटुंबिक स्मरणिकेत छापता येणार नाही. आपल्याकडचे लोक विचारतात, “व्हेअर आर यू पुटिंग अप?” त्यावरही इथे हशा पिकतो. पण जुन्या इंग्रजी कादंबऱ्या काढून बघा. त्यांतले प्रवासी रात्री सरायांतून ‘पुट अप’च होत असत.

आता मला सांगा, एखादा इंग्रज इथल्या ऑफिसात येऊन असं काही बोलला तर काय होतं? लोक हसतात, पण त्या हसण्यात कौतुक असतं. “काय गोड बोलतात हे ब्रिटिश!” त्याची ती बोली आणि आपल्या मुलाची ती चूक, हा न्याय कुठला? हा न्याय करणारे गोरेही नाहीत. माझ्या ऑफिसात कोणी ‘पास्ड आउट’ म्हणालं तर अमेरिकन सहकारी फार तर भुवई उंचावून विचारतात, “ओह, यू मीन ग्रॅज्युएटेड?” आणि विषय संपतो. टिंगल होते ती आपल्याच दिवाणखान्यात, आपल्याच माणसांकडून, समोसे खाता खाता. अमेरिकन माणसाने आपल्याला आपलं म्हणावं यासाठी आपणच आपल्यातल्या नवख्याला परका ठरवतो. याला मराठीत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी लिहीत नाही.

हे हसणं आपण इथे येऊन शिकलो असंही नाही. ते तिकडूनच बॅगेत घालून आणलं आहे. नागपूरकडचा माणूस “काय करून राहिला बे?” म्हणाला की पुण्यातला माणूस ओठ दाबून हसतो. वास्तविक ‘करून राहिलो’ हा रीतसर, नियमात बसणारा प्रयोग आहे. लाखो लोक रोज त्यात बोलतात, भांडतात, प्रेम करतात. पण पुण्याने हसायचं ठरवलं आणि विदर्भातून आलेल्या कितीतरी पोरांनी पुण्याच्या होस्टेलवर आपली भाषा ट्रंकेत कुलूपबंद करून ठेवली. तोच खेळ आपण इथे मांडला आहे. तेव्हा सदाशिव पेठ वर होती, आता न्यू जर्सी वर आहे, एवढाच फरक.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे आणि तो रास्त आहे. “अहो, पण तो मुलगा उद्या मुलाखतीत असं बोलला तर? समोरच्याचा गैरसमज होईल. आम्ही त्याच्या भल्यासाठीच सांगतो.” जरूर सांगा. सांगायलाच हवं. अमेरिकेत बायोडेटात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं, मुलाखतीत तसंच म्हणावं, आणि हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगावं. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची असते हे आपण सांगतोच की! पण तेव्हा आपण असं म्हणत नाही, की “तू भारतात आयुष्यभर चुकीच्या बाजूने गाडी चालवलीस.” बाजू वेगळी होती, एवढंच. भाषेचंही तसंच आहे. त्याला बाजूला घेऊन, चहाचा कप हातात देऊन, “इथे असं म्हणतात बरं का” हे सांगणं म्हणजे मदत. भर सभेत “शुद्धीवर कधी आलास?” विचारणं म्हणजे मदत नव्हे. त्याच्या भल्यासाठी सांगायचं असतं तर प्रेक्षक कशाला लागले असते?

आणि ज्या इंग्रजीला आपण हसतो, तिचे उपकारही आठवावेत. आपल्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. त्या तर्खडकरी इंग्रजीत त्यांनी अर्ज लिहिले, नोकऱ्या केल्या, मुलांना शिकवलं. व्हिसाच्या खिडकीपुढे घाम पुसत आपण जी इंग्रजी बोललो तीही तीच होती. त्याच इंग्रजीने आपल्याला इथवर आणून सोडलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. याचा मराठीशी काय संबंध?

आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत गेली काही वर्षं मी मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. इथे वाढलेल्या मुलांना मराठीत सगळ्यात जड काय जातं? तुम्ही म्हणाल ‘ळ’ आणि ‘ण’. नाही. ‘ळ’ दोन महिन्यांत येतो. जड जातात ती आपली संयुक्त क्रियापदं. एकदा एका मुलाने मला विचारलं, “काका, आई म्हणते पोळी खाऊन टाक. टाक म्हणजे थ्रो ना? मग मी खाऊ का टाकू?” बघा कसा बिनतोड सवाल आहे! ‘टाक’ म्हणताना आई काही फेकायला सांगत नाही. ‘खाऊन टाक’ म्हणजे संपव. ‘खाऊन घे’ म्हणजे निघण्याआधी पोटात काहीतरी जाऊ दे. ‘खाऊन बघ’ म्हणजे चव घे. बघायचं काही नसतं. तेच बोलण्याचं. ‘बोलून टाक’ म्हणजे मनात ठेवू नकोस. ‘बोलून ठेव’ म्हणजे आधीच कानावर घाल. ‘बोलून बसलो’ म्हणजे आता पस्तावतो आहे. ‘बोलत सुटला’ म्हणजे त्याला कोणीतरी आवरा! मूळ क्रियापद एकच, शेपूट बदललं की अर्थ, हेतू आणि मनःस्थिती सगळं बदलतं.

त्या मुलाला मी उलट विचारलं, “तुझी टीचर इट अप म्हणते तेव्हा तू वर बघून खातोस का?” तो हसला आणि त्याला समजलं. ‘इट अप’मधलं ‘अप’ जे काम करतं तेच ‘खाऊन टाक’मधलं ‘टाक’ करतं. म्हणजे ज्या फ्रेझल व्हर्बनी जॉन्सनच्या काळापासून परक्यांना रडवलं, ती आपल्या मुलांना जन्मापासून येतात आणि मराठीच्या नेमक्या ह्याच कुलपाला ती किल्ली लागते. ‘पास आउट’चा घोळ आणि ‘खाऊन टाक’चा घोळ एकाच जातीचा आहे. बापाला एक छळतो, मुलाला दुसरा. बापलेकांनी एकमेकांना शिकवावं अशी ही जागा आहे. आपण काय करतो? मुलं बापाच्या इंग्रजीला हसतात, बाप मुलांच्या मराठीला हसतो आणि आपण त्याला घरातलं खेळीमेळीचं वातावरण म्हणतो.

ते कुठवर जातं ते सांगतो. मंडळाच्या एका कार्यक्रमात मुलांनी मराठीत दोन मिनिटं बोलायचं होतं. विषय ‘माझे आजोबा’. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. चांगली पाठ करून आली होती, पण मध्येच कागद सोडून स्वतःच्या मनाने बोलू लागली. म्हणाली, “माझे आजोबा मागच्या वर्षी निघून गेले.” तिला म्हणायचं होतं की ते वारले. इंग्रजीतलं ‘पास अवे’ तिच्या मनात होतं आणि तिने त्याचं तिच्या परीने मराठी केलं. ‘आजोबा गेले’ म्हटलं असतं तर सभागृह गप्प झालं असतं. एक ‘निघून’ जास्त पडला आणि मागून कोणीतरी म्हणालं, “कुठे, काशीला?” हशा झाला. मुलीने थांबून आईकडे पाहिलं. उरलेलं सगळं ती इंग्रजीत बोलली आणि खाली येऊन बसली. ती आजोबांच्या मरणाबद्दल बोलत होती, मंडळी, आणि आपण तिचं क्रियापद तपासत होतो.

त्या मुलीने नंतर मराठी शाळा सोडली नाही, पण वर्गात स्वतःहून तोंड उघडणं सोडलं. विचारलं तर उत्तर देते, एका शब्दात. चूक होणार नाही इतकंच बोलायचं, हे ती शिकली. एका शब्दात मात्र भाषा राहत नाही. भाषा राहते ती कागद सोडून बोललेल्या वाक्यात, आणि तेच वाक्य आपण हसून बंद केलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण दिल्लीच्या निर्णयाने आपल्या फॅमिली रूममधली मराठी जगणार नाही. ती जगेल ती मोडकी बोलली तरी चालते, असं मुलांना वाटलं तर. मोडकं बोलायची मोकळीक मुलांना कधी वाटेल? आईवडील मोडकं बोलूनही ताठ मानेने उभे आहेत, हे दिसेल तेव्हा. ज्या घरात बाबांच्या ‘पास आउट’ला हसण्याची मुभा आहे, त्या घरातल्या मुलाला नेमकं उलटं समजतं: भाषा अगदी बिनचूक येत असेल तरच तोंड उघडावं. मग तो मराठीत तोंड उघडत नाही. त्याचं काय चुकलं? आपणच तर शिकवलं.

तेव्हा नुसती तक्रार करून थांबत नाही. तीन मागण्या कार्यकारिणीपुढे आणि तुम्हा सर्वांपुढे ठेवतो.

एक. आपल्या स्नेहसंमेलनात दर दोन वर्षांनी एक प्रहसन असतंच असतं. त्यात भारतातून आलेला एक वेंधळा असतो, त्याचं इंग्रजी विनोदी असतं आणि इथे जन्मलेला एक कार्टा असतो, त्याचं मराठी विनोदी असतं. हे प्रहसन आता पुरे. विनोद मला प्रिय आहे. पण विनोद करायचाच तर या दोघांना हसणाऱ्या त्या मुरलेल्या काकांवर करा. भरपूर मालमसाला आहे.

दोन. नवीन येणाऱ्यांसाठी वर्षातून एक संध्याकाळ ठेवा. बँक, इन्शुरन्स, लायसन्स यांच्याबरोबर इथल्या बोलण्याच्या अशा पन्नास खाचाखोचा त्यांना नीट सांगा. ‘इथे असं म्हणतात’ या शब्दांत सांगा. ‘तुमचं चुकतं’ या शब्दांत नको.

तीन. मराठी शाळेत संयुक्त क्रियापदांना वेळ द्या आणि तो तास पालकांसोबत घ्या. पालकांनी ‘खाऊन टाक’ समजावून सांगावं, मुलांनी ‘चिल आउट’ आणि ‘हँग आउट’मधला फरक समजावून सांगावा. दोघांनीही चुकावं. चुकल्यावर दुरुस्त करावं, पण वाक्य पुरं झाल्यावर.

एवढं वर्षभर करून बघू या. आणि हो, पुढच्या कार्यक्रमात कोणी ‘आय पास्ड आउट’ म्हणालं तर त्याला विचारा, “कुठल्या कॉलेजातून? कोणती ब्रँच?” ओळखीची गल्ली नक्की निघेल. मग त्याला जेवायला बोलवा.

बघा, पटतंय का.